'दादा, फोटोंचा रेट काय?' कलाकाराचा पहिला पैशांचा मेसेज आला की काय करायचं, क्रमाने

दर महिन्याला मला कुणी ना कुणी नवा फोटोग्राफर स्क्रीनशॉट पाठवतो. वरती कलाकाराचा मेसेज असतो, 'तुमचे फोटो फार आवडले, माझ्या कार्यक्रमाचे काढाल का, रेट काय?' आणि खाली दोन मिनिटांच्या आत गेलेलं उत्तर, '३००० होतील ताई'. मग पंधरा दिवसांनी ताई विचारतात की सगळे फोटो कधी देताय, रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या फाइल) पण द्या, एक फ्लेक्ससाठी मोठा करून द्या, साथीदारांचे वेगळे द्या, आणि पोरगं मला विचारतं आता काय करू. आता काय करणार, काहीच नाही, ३००० सांगून झालेत ना.

आकडा कमी की जास्त हा नंतरचा विषय आहे, गडबड होते ती क्रमात. रेट सगळ्यात शेवटी यायला पाहिजे तो सगळ्यात आधी जातो. म्हणून खाली टप्पे क्रमाने दिलेत. उदाहरण म्हणून पुण्यातली एक तरुण शास्त्रीय गायिका घेतो, तिला एका बैठकीचे फोटो हवेत आणि जमलं तर थोडे पोर्ट्रेट. बँड, भावगीतवाले, तबल्याचं सोलो, सगळ्यांना ऐंशी टक्के हेच लागू आहे.

## टप्पा १: उत्तर टाइप करायच्या आधी

मेसेज वाचा आणि फोन खाली ठेवा. एक तास उशिरा उत्तर दिलं म्हणून कुणी पळून जात नाही.

या तासात तिचं यूट्यूबवरचं एक तरी रेकॉर्डिंग पूर्ण ऐका, म्हणजे बघा पण. नुसतं 'तुमचं गाणं ऐकलं' असं सांगता यावं म्हणून नाही, त्यातून कामाच्या गोष्टी कळतात. चष्मा लावते का, मांडीवर स्वरमंडल (गायक छेडतात ते तारांचं छोटं वाद्य) असतं का, कुठला हात जास्त हलतो, तान घेताना चेहरा किती बदलतो, मान कुणाकडे वळते. मग तिच्या प्रोफाइलवरचे आत्ताचे फोटो बघा आणि काय नाहीये ते शोधा. बहुतेकांकडे माइक तोंडावर आलेले पन्नास फोटो असतात आणि पत्रिकेवर छापता येईल असा एकही नसतो.

मग स्वतःकडे बघा. तारीख मोकळी आहे का, कमी उजेडात तुमचा कॅमेरा आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ला काय देतो हे माहितीय का, दुसरं कार्ड आणि दुसरी बॅटरी आहे का.

थांबा: अनोळखी नंबरवरून कुणी काही न विचारता लगेच 'ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणालं तर तो कलाकार नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिनही टाकावा लागत नाही आणि समोरच्याचा कोडही स्कॅन करावा लागत नाही. आपण पहिल्या कामाच्या आनंदात असतो आणि ही मंडळी त्याच आनंदावर टपलेली असतात.

## टप्पा २: पहिलं उत्तर, ज्यात आकडा नसतो

वयाने लहान असली तरी पहिल्या मेसेजला 'ताई' आणि 'तुम्ही'. ज्येष्ठ असतील तर लोक त्यांना काय म्हणतात ते बघून तेच म्हणा, बुवा, पंडितजी, गुरुजी, जे असेल ते. 'हाय डिअर' किंवा 'मॅम' नको, या क्षेत्रात ते खटकतं.

मी साधारण असं लिहितो:

'नमस्कार ताई, मेसेजबद्दल आभार. तुमचं यूट्यूबवरचं गाणं ऐकलं, छान वाटलं. तारीख, जागा आणि फोटो कुठे कुठे वापरायचेत एवढं कळलं तर मला नीट अंदाज देता येईल. आज संध्याकाळी किंवा उद्या सकाळी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

बस. स्वतःची कहाणी नाही, कॅमेऱ्याचं मॉडेल नाही, 'मी अजून शिकतोय' तर अजिबात नाही. शिकत असालच, पण ते तिला सांगून तिचा उपयोग काय?

आणि समजा ती परत म्हणाली 'तरी अंदाजे सांगा ना'? तर 'वापर कळल्याशिवाय सांगितलेला आकडा चुकीचा निघेल आणि मग आपल्या दोघांनाही अवघड होईल, फोनवर लगेच सांगतो' एवढं लिहा. लोक ऐकतात.

## टप्पा ३: फोन, आणि वहीत लिहायचे पाच प्रश्न

वही घेऊन बसा, डोक्यात ठेवू नका.

पहिला प्रश्न जागा आणि वेळ. बालगंधर्व रंगमंदिरात आहे की कुणाच्या घरी दिवाणखान्यात तीस माणसांची बैठक आहे, याने सगळंच बदलतं. बैठकीत तुम्ही श्रोत्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार आणि शटरचा आवाज सगळ्यांना ऐकू जाणार.

दुसरा, पैसे कोण देणार. हा विचारायला लाज वाटते, मलाही वाटायची. एका कार्यक्रमाला मला बोलावलं गायकाने, तिथे गेल्यावर आयोजक सूचना द्यायला लागले, आणि पैशांच्या वेळी गायक म्हणाला आयोजक देतील, आयोजक म्हणाले आम्ही कुठे बोलावलं. दोघेही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. तेव्हापासून 'बिल कुणाच्या नावाने करू?' असं विचारतो, तेवढ्यात उत्तर मिळतं आणि वाईटही दिसत नाही.

तिसरा, फोटो कुठे वापरणार. यावर जरा थांबू, कारण शूटिंग कसं करायचं ते इथेच ठरतं आणि नवीन लोक हाच प्रश्न सोडतात.

- फ्लेक्स: आडवा असतो आणि बाजूला नावं, तारीख, प्रायोजक सगळं कोंबायचं असतं. म्हणजे चेहरा एका कडेला आणि उरलेली जागा मोकळी, शांत. बरोब्बर मध्यभागी काढलेला सुंदर फोटो फ्लेक्सवाल्याच्या काही कामाचा नाही, तो मग चेहरा कापून भलत्याच सूर्योदयावर चिकटवतो.
- ए३ पोस्टर: ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० चा असेल, तर आडव्या फोटोतून उभा तुकडा कापल्यावर रुंदी साधारण २८०० च उरते, पुरत नाही. पोस्टर हवंय म्हणाली तर कॅमेरा उभा धरून काढा, नंतर कापू म्हणून चालत नाही.
- गाण्याचं कव्हर: स्ट्रीमिंगसाठी चौकोनी लागतं, ३००० बाय ३००० दिलं की सगळीकडे चालतं. चौकोनात डोक्यावर जागा ठेवा, तिथे नाव येतं.
- यूट्यूब थंबनेल: १२८० बाय ७२०. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दिसते, तिथे हात किंवा चेहरा येऊ देऊ नका.
- पेपरला द्यायचा फोटो: जवळून, चेहरा स्पष्ट, मागे गर्दी नाही. छापून आल्यावर तो दोन बोटांएवढाच असतो.

चौथा, किती फोटो आणि कधीपर्यंत. 'उद्या पेपरला द्यायचाय' हे कार्यक्रमाच्या रात्री कळलं तर तुमची रात्र गेली, आधी कळलं तर एक-दोन फोटो त्याच रात्री द्यायचं कबूल करता येतं आणि त्याचे पैसेही धरता येतात.

पाचवा, फोटोत अजून कोण असणार. साथीदार, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्या, समोर बसलेले गुरुजी. साथीदारांनाही फोटो द्यायचेत का ते आत्ताच विचारा, नंतर चौघांचे वेगवेगळे मेसेज येतात.

तपासा: फोन ठेवल्यावर लगेच पाचही उत्तरं व्हॉट्सॲपवर तिला लिहून पाठवा, 'आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?' तिचा 'हो' येईपर्यंत आकडा काढायचा नाही.

## टप्पा ४: आकडा कसा काढायचा

बाजारभाव विचारत फिरू नका, प्रत्येक जण वेगळं सांगेल. तास मोजा. वरच्या उदाहरणात समजा फोन आणि तयारी १ तास, जाणं-येणं २, बैठक ३, निवड आणि एडिटिंग ६, एकूण १२ तास. तुमच्या तासाची किंमत तुम्ही ४०० धरलीत तर ४८०० झाले. लेन्स भाड्याने आणणार असाल तर त्याचे १२०० धरू, पेट्रोल-पार्किंगचे ३००. झाले ६३००. यात पुढच्या दुरुस्तीसाठी, नव्या कार्डासाठी थोडं घाला, ७००० म्हणा. हे आकडे हिशोब दाखवायला घेतलेत, रेटकार्ड समजू नका. मुद्दा एवढाच की ३००० म्हणणाऱ्याने बैठकीचे तीनच तास मोजलेले असतात.

कोटेशन लिहिताना काय मिळणार ते आधी आणि आकडा नंतर. 'एका बैठकीचे फोटो, एडिट केलेले २० फोटो, ७ दिवसांत, त्यातले २ फोटो कार्यक्रमाच्या रात्रीच, २० पैकी कुठल्याही ५ फोटोंत एकदा छोटा बदल. एकूण ७०००.' जे मिळणार नाही तेही लिहा, रॉ फाइल नाही, व्हिडिओ नाही, फ्लेक्सचं डिझाइन नाही.

घासाघीस झाली तर आकडा कमी करताना कामही कमी करा. '५००० मध्ये १२ फोटो होतील' असं. तेवढंच काम आणि कमी पैसे असं एकदा केलं की पहिला आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं. आणि फुकट करायचं असेल तर खरंच फुकट करा, मैत्रीत, गुरुबंधू म्हणून, पण अर्धवट पैशांत 'पुढे काम देऊ' वर नको.

संस्था किंवा कंपनी पैसे देणार असेल तर त्या टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापू शकतात, पॅन तयार ठेवा. जीएसटीचं टेन्शन पहिल्या कामाला घेऊ नका, सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की साधारणपणे नोंदणीचा प्रश्न येतो.

## टप्पा ५: फोटो कुणाचे, हे लिहून घ्या

इथे बहुतेक जण उलटं धरून चालतात, कारण परदेशी व्हिडिओ बघून शिकलेले असतात. 'मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा.' आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाही तर फोटो गायिकेचे. वेगळं हवं असेल तर आधी लिहून ठरवावं लागतं.

फोटो काढणारा म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क, कलम ५७ चा, तो मात्र मालकी गेली तरी राहतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या कामात यावरून भांडू नका पण लिहा नक्की. मी चार ओळी घालतो: कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. कलाकाराला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी हे फोटो जगभर, कायमचे वापरता येतील. तिसऱ्या कुणाच्या जाहिरातीसाठी, म्हणजे वाद्यांची कंपनी, साड्यांचं दुकान वगैरे, वापरायचे तर वेगळं ठरवू. जिथे शक्य तिथे नाव द्यावं.

'जगभर' आणि 'कायमचे' हे शब्द उगाच नाहीत. परवानगीत मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती धरतो. उद्या तिला अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाने बोलावलं आणि तुमचाच फोटो पत्रिकेवर गेला तर दोघांनाही निवांत असायला पाहिजे.

तपासा: एक पान, दोन सह्या. कागद जमतच नसेल तर निदान ईमेलवर पाठवून 'मान्य आहे' असं उत्तर घ्या. फोनवर 'हो हो चालेल' याला काही अर्थ नाही.

## टप्पा ६: ॲडव्हान्स

अर्धे आधी, मग तारीख पक्की. वाक्य साधं ठेवा, 'ॲडव्हान्स आला की तारीख तुमच्यासाठी धरतो.' कार्यक्रम पुढे गेला तर तोच ॲडव्हान्स एकदा पुढच्या तारखेला चालेल, दोन दिवस आधी रद्द झाला तर परत नाही, हेही तिथेच लिहा. आणि तुमच्यामुळे रद्द झालं तर पूर्ण परत, हेसुद्धा, ते लोक लिहीत नाहीत.

## टप्पा ७: कार्यक्रमाच्या आधीचा दिवस आणि आधीचा तास

आयोजकांना स्वतः फोन करा, कलाकाराने सांगितलं असेल यावर राहू नका. कुठे बसायचं, कुठपर्यंत फिरायचं, अजून कुणी फोटोग्राफर आहे का. पोर्ट्रेट एखाद्या जुन्या वास्तूत काढायचे असतील तर परवानगीचं आधी बघा, शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालच्या ठिकाणी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते.

कपड्यांबद्दल तिच्याशी आधीच बोला. पांढरा कुर्ता एलईडीखाली पार फुटतो, म्हणजे फोटोत नुसता पांढरा डाग दिसतो, जरीची साडी चमकते पण ती सांभाळता येते. तबलजींचा गडद कुर्ता असेल तर हाताला लावलेली पावडर त्यावर दिसते, एक रुमाल जवळ ठेवा, ते खूश होतात.

साउंड चेकला हजर राहा. तिथे तीन गोष्टी करा. एक, लाइटचं टेस्टिंग. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. शटरचा वेग १/१०० सेकंदाला ठेवून बघा, नंतर १/२०० ला बघा, फरक तिथल्या तिथे कळेल. सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर पट्टे जास्त येतात, म्हणून तुमच्या कॅमेऱ्याला त्या हॉलमध्ये ते चालतंय का हे आधीच कळायला हवं, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना नाही. दोन, माइकचा स्टँड. ध्वनीवाल्यांना हात जोडून विचारा की दोन बोटं खाली घेता येईल का. घेतात कधीकधी. तीन, मागचा पडदा वाचा. बॅनरवरचं एखादं अक्षर किंवा तानपुऱ्याची दांडी बरोबर डोक्यातून उगवत असेल तर तुमची जागा हलवा.

थांबा: तंबोरे लावणं चालू असताना कुणाशीही बोलू नका, समोरून जाऊ नका. आणि स्वतःचा गरम दिवा किंवा उन्हातली खिडकी वाद्यांजवळ आणू नका. तबला तापला की त्याचा सूर चढतो, मेहनतीने लावलेलं सगळं जातं आणि त्याचं कारण तुम्ही असता.

## टप्पा ८: प्रत्यक्ष बैठक

फ्लॅश बंद, फोकसचा लाल-हिरवा दिवा बंद, बीप बंद. शूटिंग रॉमध्ये, दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीवर.

जागा. गायकाच्या उजव्या हाताला साधारण तबला असतो, म्हणजे तुम्हाला समोरून डावीकडे, आणि पेटी उजवीकडे. गायक समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, तबल्याकडे बघतो. म्हणून मध्यापासून थोडं डावीकडे बसा, माइकही तोंडावरून सरकतो आणि चेहरा तुमच्याकडे वळतो. उंच स्टेजच्या अगदी पायाशी उभं राहून वर काढलेत तर नाकपुड्या आणि माइक मिळतील. मागे जा, लांब लेन्स वापरा, तुमची उंची तिच्या डोळ्यांच्या जवळपास आणा.

क्षण. तानेच्या मध्ये चेहरा वेडावाकडा होणारच, ते फोटो तुम्हाला जोशपूर्ण वाटतात आणि तिला दाखवल्यावर तिचा चेहरा पडतो. मुखडा (समेपर्यंत नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) आला की तयार राहा, सम पडू द्या, आणि पडल्यावर लगेच दाबा. त्या अर्ध्या सेकंदात ती तबलजींकडे बघून हसते, हात खाली येतो, तोंड मिटलेलं असतं. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात मोजता आल्या तरी पुरे, विलंबित एकतालात मोजत बसू नका, मुखडा ऐका. हे एकदा जमलं की हजार फोटो काढावे लागत नाहीत, आणि आलापात खडखड आवाजही होत नाही.

बैठकीतले जवळून चेहऱ्याचे फोटो पहिल्या वीस मिनिटांतच मिळवा. नंतर घाम, विस्कटलेले केस, थकवा. साथीदारांचे प्रत्येकी दोन चांगले फोटो काढायला विसरू नका, तबलजींचे हात आणि चेहरा एकत्र दिसेल असा एक तरी.

## टप्पा ९: निवड, फाइल, आणि उरलेले पैसे

घरी गेल्यावर जेवायच्या आधी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा.

ठरलेल्या २० च्या जागी ३०० पाठवू नका. 'ताईच निवडेल' म्हणून सगळे टाकले तर ती गोंधळते, आईला विचारते, गुरुजींना विचारते, आणि तुमचे सात दिवस महिन्यावर जातात. ३५ ते ४० छोट्या आकाराचे, नाव टाकलेले फोटो दाखवा, त्यातून २० ती निवडेल.

एडिटिंगमध्ये एकच गोष्ट कधीही करू नका, फोटो आडवा पलटवू नका. डिझाइनवाले मागतात, 'चेहरा डावीकडे बघत हवाय'. पलटवलात की पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, तबला-डग्गा उलटे होतात, सतारवाला डावखुरा होतो, आणि जाणकार माणूस एका नजरेत ओळखतो. हसं कलाकाराचं होतं. चेहरा प्लॅस्टिकसारखा गुळगुळीतही करू नका. स्टेजच्या जांभळ्या लाइटमुळे त्वचा विचित्र दिसत असेल तर रंग दुरुस्त करा, ते पुरे.

फाइलची नावं कॅमेऱ्याने दिलेली इंग्रजी अक्षर-आकड्यांची तशीच ठेवू नका, कार्यक्रम, तारीख, क्रमांक असं द्या. दोन फोल्डर करा, एक छापायला पूर्ण आकाराचं, एक मोबाइलसाठी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो बारीक होतो आणि तोच बारीक फोटो फ्लेक्सवाल्याकडे जातो, मग फ्लेक्सवर चौकोन दिसतात आणि नाव तुमचं खराब. ड्राइव्हची लिंक द्या, सोबत एक ओळ लिहा, 'छपाईसाठी पहिलं फोल्डर वापरा'.

उरलेले पैसे आल्यावर पूर्ण आकाराचं फोल्डर, हा क्रम कोटेशनमध्येच लिहिलेला असेल तर मागताना अवघड वाटत नाही. बिल पाठवताना बिलात तेच शब्द ठेवा जे कोटेशनमध्ये होते.

तपासा: लिंक पाठवायच्या आधी ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. रात्री साडेअकराला पेपरवाल्याला फोटो हवा असतो आणि तेव्हा ड्राइव्ह 'परवानगी मागा' म्हणत असतो, आणि तुम्ही झोपलेले असता.